हळद बाजारातला हाफबॅक

अण्णांच्या हातात कुठलीच गोष्ट टिकत नसे. पेरू दिला तर तो पुढच्या माणसाकडे जायचा. लग्नाची पत्रिका दिली तर न वाचताच शेजाऱ्याच्या हातात. देवळात प्रसाद मिळाला की स्वतः तोंडात टाकायच्या आधी ते डावीउजवीकडे बघून कोण मोकळं उभं आहे ते हेरायचे, त्याच्या ओंजळीत प्रसाद टाकायचे आणि पुढे सरकायचे. एकदा मेव्हणीच्या घरी बारशाला बाळ त्यांच्या हातात दिलं. फोटो काढायला सगळे सरसावले, तोवर बाळ अण्णांकडून सासऱ्यांकडे आणि सासऱ्यांकडून एका म्हाताऱ्या माणसाकडे पोचलं होतं. तो माणूस बारशाला आलेलाच नव्हता. तो दिव्याची वायर जोडायला आला होता.

काकू, म्हणजे अण्णांची बायको, भर मांडवात ओरडली, "आवं, लेकरू हाय ते, चेंडू न्हवं!"

"म्या कुटं लाथ मारली?" अण्णा म्हणाले.

अण्णा हाफबॅक होते. फुटबॉलमध्ये मधल्या जागेवर खेळणारा गडी. मागून आलेला चेंडू घ्यायचा आणि पुढं मोकळा माणूस बघून द्यायचा, एवढंच त्याचं काम. ते त्यांनी वीसेक वर्षं केलं, तेही कायम खालच्या गटात. सांगली आणि सातारा मिळून तेव्हा एक स्पर्धा चालायची. तिच्यात वरचा गट होता आणि खालचा गट होता. खालच्यातला पहिला वर जायचा, वरच्यातला शेवटचा खाली यायचा. ही ये-जा अण्णांनी पुष्कळ पाहिली. त्यांची टीम मात्र जागची हलली नाही.

आठवड्याचे बाकीचे दिवस ते हळद बाजारात तोलार होते. काट्यावर हळदीची पोती चढवायची, वजन पुकारायचं, उतरवायची. त्यामुळे त्यांचे हात कोपरापर्यंत आणि पाय गुडघ्यापर्यंत पिवळे. साबणानं फिकट व्हायचे, पण जायचे नाहीत. सामन्याच्या शेवटी चेंडूवरसुद्धा पिवळी झाक यायची. दुसऱ्या गावची टीम पहिल्यांदा भेटली की कोणीतरी विचारायचंच, "पावणं, लगीन कवा?" चाळिशी ओलांडलेले अण्णा गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "झालंय वो कवाच. पर हळद उतरंना."

हे सगळं मी नीट लिहू शकेन की नाही, अशी शंका मला आहे. आता मी पुढच्या शिक्षणासाठी कोल्हापुरात आहे. इथल्या मुलांना अण्णांबद्दल सांगायला लागलो की ती हसतात, आणि मला वाटतं, मी सांगताना काहीतरी निसटलं. म्हणून लिहून बघतो.

मी जत भागातला. आमचं घर मेंढरांचं. आमच्यात कॉलेजला जाणारा मी पहिलाच, त्यामुळे कॉलेजला जाऊन नेमकं काय करायचं असतं हे सांगणारं घरात कोणी नव्हतं. आमच्याकडचा मोठा दुष्काळ सरल्यावर मी सांगलीला आलो आणि खोली शोधत फिरलो. लोक जात विचारत होते, मटण शिजवणार का ते विचारत होते. हळद बाजाराच्या मागच्या बोळात अण्णांनी दोनच प्रश्न विचारले.

"इंग्रजी येतं?"

"थोडं थोडं," मी म्हणालो. खरं तर त्याहून कमी येत होतं.

"आन् पळाय येतं?"

"मेंढरांमागं पळालोय."

"मग खोली तुजी. वैरण-पान्याचं काकूला इचार."

वैरण म्हणजे जेवण हे मला जरा उशिरा कळलं. दोन्ही प्रश्नांचा अर्थ कळायला मात्र तेवढाही वेळ लागला नाही. पहिल्याच रविवारी त्यांनी मला पहाटे उठवून मैदानावर नेलं. मी तोवर फुटबॉल पाहिलाही नव्हता. टीममध्ये सगळे बाजारातले होते. हमाल, तोलार, एक-दोन दिवाणजी. त्यांचा लेफ्ट आऊट, म्हणजे डाव्या कडेनं पळणारा गडी, लग्न होऊन मुंबईला गेला होता. त्याच्या जागी मला उभं केलं.

"रेघंच्या आत ऱ्हायाचं," अण्णांनी मला शिकवलं. "म्या दिलं की पळायचं. दमलास की मला परत द्यायाचं."

"आणि गोल?"

"त्यो आपला इषय न्हाई."

फुटबॉलचं माझं शिक्षण एवढंच. पुढे कोल्हापुरात जाणकार लोकांकडून बरंच काही ऐकलं, पण याच्यापेक्षा जास्त उपयोगाचं काही मिळालं नाही.

अण्णांनी आयुष्यात एकही गोल मारला नव्हता. कोणी टोचून तसं म्हटलं तर ते खूश व्हायचे. "तोलारानं तोलायचं," ते म्हणायचे. "माल कुनाचा, त्ये त्येनं बगायचं न्हाई." समोर गोल उघडा पडला असला तरी ते थांबून, मान वळवून, कोणाला तरी चेंडू द्यायचे. आमचे फॉरवर्ड वैतागायचे. दोघं बॅक अंगावर घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या पायात ते चेंडू टाकायचे आणि वर ओरडायचे, "दिलाय न्हवं? आता तुजं तू बग!"

त्यांची दुसरी ठाम समजूत पेवाची होती. सांगलीजवळ हरिपुराला जमिनीच्या पोटात हळद साठवायची पेवं आहेत. पेव फार दिवसांनी उघडलं की आतली हवा कोंदट असते, माणूस लगेच उतरला तर गुदमरतो. म्हणून तोंड उघडून ठेवायचं, कंदील सोडून बघायचा, मग उतरायचं. अण्णांचं म्हणणं, सामनाही तसाच. "उगडल्या उगडल्या उडी मारायची न्हाई. हवा जाऊ दे." त्यामुळे आमची टीम पहिली दहा-पंधरा मिनिटं नुसती इकडून तिकडे चेंडू फिरवायची. बघायला आलेले लोक शिव्या द्यायचे. काही वेळा हवा जायच्या आतच आमच्यावर दोन गोल झालेले असायचे.

इंग्रजीचं प्रकरण वेगळंच होतं. पाचगणीच्या बोर्डिंग शाळांमधून जुन्या इंग्रजी मासिकांची रद्दी सांगलीला यायची आणि दुकानांत पुड्या बांधायला जायची. अण्णांनी रद्दीवाल्याशी संधान बांधलं होतं. फुटबॉलचं चित्र दिसलं की तो कागद बाजूला ठेवायचा. त्यात विलायतेतल्या मोठ्या टीमांची रंगीत पानं असायची, ती अण्णा काकूकडे देऊन टाकायचे, फडताळात अंथरायला. त्यांना हवा असायचा शेवटच्या पानावरचा बारीक मजकूर. तिथं तिकडच्या चौथ्या, म्हणजे सगळ्यात खालच्या गटाच्या बातम्या असत. त्यातला एका छोट्या गावाच्या टीमचा एक हाफबॅक अण्णांनी निवडला होता. का निवडला ते त्यांनी कधी सांगितलं नाही. बहुधा त्याचं नाव दोन-तीन कागदांत सापडलं, एवढंच कारण असावं.

मी डिक्शनरी घेऊन बसायचो. एकेक शब्द जोडत वाचायचो. अण्णा समोर मांडी घालून बसायचे.

"उन्हाळ्यात तो नळदुरुस्तीची कामं करतो, असं लिहिलंय."

"म्हंजी आपल्यातलाच की. फुडं?"

"मैदानात तो गप्प म्हणून बसत नाही. सारखा बोलत असतो."

"बोलाय पायजेच. त्याबिगर मधल्याला कोन इचारतंय? गोल?"

"गोल नाही मारला."

"बेस," अण्णा समाधानानं म्हणायचे.

एकदा त्याचा फोटो मिळाला. म्हणजे फोटो गोल मारणाऱ्याचा होता, हात वर करून नाचणाऱ्याचा. आमचा माणूस कडेला कापला गेला होता. त्याचं एक कोपर आणि एक पाय तेवढा आला होता. अण्णांनी कात्रीनं गोल मारणारा काढून टाकला आणि ते कोपर देवघराशेजारी भिंतीवर चिकटवलं. पाहुणे विचारायचे, ह्ये काय हाय? "विलायतंचा गडी हाय," अण्णा सांगायचे. "लय गुनी." पाहुणे बराच वेळ कोपराकडे बघत राहायचे आणि मग चहा घ्यायचे.

आता हत्त्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. पूर्वी हळद बाजारात सौदा तोंडानं होत नसे. घेणारा आणि विकणारा हातावर रुमाल टाकायचे आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव सांगायचे. आजूबाजूच्या कोणाला पत्ता लागत नसे. याला हत्ता म्हणत. पुढे उघडे लिलाव आले आणि हत्ता बंद झाला. बाजारातून गेला, तो अण्णांनी फुटबॉलमध्ये आणला. सामना थोडा थांबला, की ते खांद्यावरचा टॉवेल घेऊन, म्हणजे मैदानाबाहेर काढून ठेवलेला मागवून, आमच्या एकेकाकडे यायचे. हातावर टॉवेल टाकायचे आणि बोटं दाबायचे. करंगळी म्हणजे जागेवर थांब. मधली दोन बोटं म्हणजे आत ये. अंगठा म्हणजे कोपऱ्याकडे पळत सूट, मी तिथं चेंडू टाकतो. समोरची टीम तोंड उघडं टाकून बघत राहायची. त्यांना वाटायचं, हे मध्येच हळद विकायला लागले.

माझा बाप एकदा मला बघायला आला. मेंढरं तेव्हा कृष्णाकाठच्या रानात बसवली होती. अण्णांशी त्याचं लगेच जमलं. बोलता बोलता हत्त्याचा विषय निघाला.

"मेंढरांच्या बाजारात बी असतुया," बा म्हणाला.

"मग करू या की," अण्णा म्हणाले. "तुमच्या बकऱ्याला मागनी घालतो."

बकरा जवळ नव्हता आणि अण्णांना तो नकोही होता. पण दोघं टॉवेलाखाली हात घालून बसले. चेहरे असे, की जणू जन्माचा व्यवहार चाललाय. मध्येच बा ताडकन हात काढून उभा राहिला.

"काय झालं वो?" अण्णांनी विचारलं.

"तुमी अंगटा दाबला."

"मग? अंगटा म्हंजी चला फुडं, ठरलं!"

"आमच्यात अंगटा म्हंजी बास. सौदा बंद. आता ज्यानं त्यानं आपली मेंढरं हाकायची."

दोघं हसून हसून खोकायला लागले. काकू आतून म्हणाली, "टावेलाखाली हात घालून बसल्यात दोन बापय. कुनी बगितलं तर काय म्हनंल?"

मी अण्णांकडे होतो त्याच्या दुसऱ्या वर्षी आमची टीम जिंकायला लागली. कशी ते मला खरंच सांगता येत नाही. हवा लवकर जायला लागली असावी. शेवटचा एक सामना राहिला, तो साताऱ्यात, तिथल्या टीमशी. हिशेब सरळ होता. आम्ही जिंकलो तर आम्ही वर. हरलो किंवा नुसती बरोबरी झाली, तर ते वर.

आमचे सेक्रेटरी एक अडते होते, त्यांना सगळे शेट म्हणत. जर्सी त्यांच्या, एस.टी.चं भाडं त्यांचं. माणूस चांगला, पण वर जायचं म्हटल्यावर त्यांना स्वप्नं पडू लागली होती. एका रविवारी सरावानंतर त्यांनी जाहीर केलं, की वरच्या गटात खेळायचं तर कोल्हापूरहून दोन तरणे हाफबॅक आणायचे. बोलणं झालेलं आहे.

"अण्णा, तुमी लय केलं टीमसाटी," शेट गोड आवाजात म्हणाले. "वर गेलो की तुमी आराम करायचा. तुमाला मैदानाकडंच्या लिंबाखाली खुर्ची टाकतो. मानाची."

"खुर्चीत बसून पास कसा देऊ?" अण्णांनी विचारलं.

सगळे हसले. अण्णाही हसले. पण सगळ्यांना कळलं होतं. आम्ही जिंकलो तर अण्णांचं खेळणं संपणार होतं. हरलो तर अजून एक वर्ष.

काकूलाही कळलं. भाकरी वाढताना ती मला हळूच म्हणाली, "तू सांग रं त्यास्नी. सातारला जरा कमी पळा म्हनावं. कोन बगतंय?"

मला धीर होत नव्हता. दोन दिवस मी वाक्य जुळवत होतो. शेवटी बाजारातून परत येताना कसंबसं म्हणालो, "अण्णा, समजा बरोबरी झाली... तर काय आभाळ कोसळणार न्हाई."

अण्णा रस्त्यातच थांबले. मला वाटलं, आता रागावणार.

"काट्यावर बोट ठेवनारा तोलार बगितलायस कवा?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"कसा बगशील? त्येला दुसऱ्या दिशी बाजारात कोन हुबा करत न्हाई." ते पुन्हा चालू लागले. बरंच पुढे गेल्यावर, माझ्याकडे न बघता म्हणाले, "पर आयतवारी मग काय करायचं, ते काय सुचंना गड्या."

साताऱ्याला जाताना शेटनी सगळ्यांची तिकिटं काढून गठ्ठा अण्णांच्या हातात दिला. व्हायचं तेच झालं. कराडला कंडक्टर तपासायला आला तेव्हा तिकिटं आमच्यापैकी कोणाकडेच नव्हती. ती अण्णांकडून मागच्या बाकावर आणि तिथून पुढे पुढे जात ड्रायव्हरच्या मागे बसलेल्या एका बाईच्या मांडीवर पोचली होती. तिला वाटलं, कसली तरी जाहिरात आहे. तिनं त्यातली दोन-तीन पोराला खेळायला दिली होती. "आवं, तुमी मानूस हाय का एस.टी.?" कंडक्टर अण्णांना म्हणाला. "कायबी तुमच्यात बसलं की फुडच्या गावाला!"

मैदान किल्ल्याच्या पायथ्याशी होतं. समोरच्या टीममध्ये निम्मे सुट्टीवर आलेले फौजी. त्यांच्या मध्यावर एक मिशाळ हवालदार होता, पाटणकडचा. आवाज असा, की डोंगरावरून परत यायचा. तो अण्णांच्या समोरासमोर. सुरुवातीला आम्ही हवा जाऊ देत होतो, तेव्हा तो ओरडला, "ए हळदीवालं! नवरदेव झोपलं काय?"

"वरात निगायची हाय अजून," अण्णा म्हणाले.

"निगायच्या आत मांडव मोडतो बगा!"

आणि त्यानं मोडलाच. लांबून एक असा फटका मारला, की आमच्या गोलकीपरनं फक्त मान वळवून चेंडू जाताना पाहिला. शेट बाहेर कपाळ धरून बसले. मध्यंतराच्या आधी अण्णांनी दोघांच्या मधून एक चेंडू सरकवला आणि आमच्या फॉरवर्डनं, जो एरवी हळदीची पोती वाहतो, तो आत लोटला. बरोबरी झाली.

मध्यंतरानंतर मात्र काही होईना. आम्ही चढायचो, हवालदार चेंडू काढून घ्यायचा. अण्णा त्या दिवशी पळत होते तसं मी त्यांना कधी पळताना पाहिलं नव्हतं. चेहरा लाल, पाय पिवळे. एकदा माझ्याजवळून जाताना धापा टाकत म्हणाले, "हवा गेली आता. उतरायचं." माझ्या मनात काकूचं बोलणं घोळत होतं. मला जिंकायचं होतं आणि नकोही होतं. असं दोन्हीकडे ओढत असलेल्या माणसानं फुटबॉल खेळू नये, एवढं मला तेव्हा कळलं.

सामना संपत आला तेव्हा चेंडूतली हवा कमी झाली. रेफ्रीनं खेळ थांबवून पंप मागवला. अण्णांनी लगेच टॉवेल मागवला. एकेकाकडे गेले. शेवटी माझ्याकडे आले. दोघांचे हात घामानं निसरडे झाले होते. त्यांनी टॉवेल टाकला आणि माझा अंगठा घट्ट दाबला.

वर्षभर मी त्यांच्या बोटांची भाषा शिकलो होतो. पण दमलेला आणि घाबरलेला माणूस आईच्या भाषेत विचार करतो. मला त्या क्षणी बाचाच बाजार आठवला. अंगठा म्हणजे बास. सौदा बंद. मला वाटलं, अण्णांनी ठरवलं. बरोबरीत थांबायचं. अजून एक वर्ष खेळायचं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते घाम पुसत होते. मला वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं, की निदान रविवारचा प्रश्न सुटला.

खेळ सुरू झाला. मी जागेवर खांबासारखा उभा राहिलो. मला धरून असलेला साताऱ्याचा बॅकही माझ्याशेजारी उभा राहिला. अण्णांनी हवालदाराच्या पायातून चेंडू काढला. ते कोपऱ्याकडे देणार, हे हवालदारालाही एव्हाना पाठ झालं होतं. तो आधीच तिकडे धावला. अण्णांनी मान वळवून कोपऱ्याकडे पाहिलं. तिथं कोणी नव्हतं, एकटा हवालदार कमरेवर हात ठेवून उभा होता. त्यांनी उजवीकडे पाहिलं. आमचा हमाल फॉरवर्ड दोघांच्या मध्ये अडकला होता. मागे पाहिलं. मागेही कोणी नाही. समोर मात्र गोलपर्यंत सगळं मोकळं पडलं होतं.

"मारा!" शेट बाहेरून किंचाळले.

"कुनी?" अण्णांनी चेंडूवर पाय ठेवून विचारलं.

"तुमीच! आवं तुमी!"

अण्णांनी मारला. त्याला फटका म्हणणं अवघड आहे. दारात आलेल्या कोंबडीला हाकलावं तसा त्यांनी पायाचा अंगठा लावला. गोलकीपरलाही अण्णा मारतील असं वाटलं नव्हतं, तो कोपऱ्याकडेच सरकला होता. चेंडू त्याच्या दुसऱ्या बाजूनं, कोणाची घाई नसल्यासारखा, आत गेला.

आमची माणसं मैदानात घुसली. शेटचं धोतर सुटायला आलं होतं, त्याचं भान त्यांना नव्हतं. अण्णा मात्र सगळ्यांना ढकलत थेट माझ्याकडे आले. त्यांनी माझा हात वर केला आणि अंगठा माझ्या नाकासमोर धरला.

"ह्ये काय हाय?"

"अंगठा."

"मग पळाला का न्हाईस? म्या चेंडू कुनाला द्यायचा हुता?"

"अण्णा, गोल झाला की!"

"झाला न्हवं! तेच इचारतुया!"

मी अडखळत सांगितलं. आमच्यात अंगठा म्हणजे सौदा बंद. मला वाटलं, तुम्ही...

अण्णांनी माझा अंगठा सोडला. "तुला वाटलं, म्या बरुबरी मागतुया?"

मला वाटलं, आता मात्र खोली गेली. मग त्यांचं पोट हलायला लागलं, आणि ते खाली बसूनच हसले. "लेका," ते म्हणाले, "तुज्या बाजारानं माजा बाजार उठिवला की रं!"

हवालदार येऊन त्यांच्या पाया पडला. "नवरदेव," तो म्हणाला, "तुमी असं कवा मारता त्ये आदी सांगायचं तरी."

"मलाच ठावं न्हवतं," अण्णा म्हणाले.

परतीच्या एस.टी.त शेट गुलाल माखून अण्णांच्या शेजारी बसले. "कोल्हापूरचं रद्द," ते म्हणाले. "गोल मारणारा मानूस आमी घालवतो व्हय? वरच्या गटात तुमी फॉरवर्ड!"

खरं सांगतो, मला वाटलं ते हो म्हणतील. वीसेक वर्षांनी कोणीतरी त्यांना राहा म्हणत होतं.

"एकदा चूक झाली शेट," अण्णा म्हणाले. "ती रोज हुनार न्हाई. तुमी कोल्हापूरची पोरं आना. ठरलं ते ठरलं."

त्यानंतरचे रविवार घरात कठीण गेले. अण्णा सकाळी उठायचे, पायात मोजे घालायचे, काढायचे. हाताला लागेल ते शेजारी पोचतं करायचे. आमच्या कपबश्या शेजाऱ्यांकडे गेल्या, शेजाऱ्यांचा पाट आमच्याकडे आला, आणि एकदा आमच्या तव्यावर कोणाचं तरी धिरडं भाजलं जात होतं. काकू मला म्हणाली, "ह्यास्नी कुटंतरी खेळीव रं बाबा. घरात भांडं ऱ्हायना."

वरच्या गटातला आमचा पहिला सामना सांगलीतच होता. शेटनी शब्द पाळला. लिंबाखाली खुर्ची, खुर्चीवर चादर, हार तयार. कोल्हापूरची पोरं खरोखरच चपळ होती. मध्यंतराला शेटनी मला बाहेर काढलं आणि त्यांच्यातल्याच एकाला डाव्या कडेला घातलं. मला त्याचा राग आला नाही, मला धाप लागली होती. लिंबाकडे पाहिलं तर खुर्ची रिकामी. हार खुर्चीच्या हाताला लटकत होता.

मैदानाच्या भिंतीपलीकडे एक मोकळा माळ होता. तिथून गलका ऐकू येत होता आणि त्या गलक्यात एक आवाज मला ओळखू आला. मी भिंतीवरून उडी मारून पलीकडे गेलो.

हरिपूरच्या पेवांवर काम करणाऱ्या पोरांनी नवी टीम काढली होती. तळातली, स्पर्धेत आत्ताच नाव घातलेली. कोणाच्या पायात बूट होते, कोणाच्या नव्हते. गोलचे खांब म्हणून दोन सायकली उभ्या केल्या होत्या. ती पोरं चार गोलांनी मागे होती आणि मध्यभागी, निम्म्या वयाच्या पोरांत, अण्णा उभे होते. पाय पिवळे, तोंड चालू. "घाई करू नगंस! हवा जाऊ दे! आरं, मागं बग, मागं, मोकळा हाय न्हवं त्यो!" एक पोरगं त्यांच्याकडून चेंडू घेऊन पळालं, अडखळलं, पडलं. अण्णा टाळ्या वाजवत म्हणाले, "बेस! पडाय बी जागा बगूनच पडलास!"

मी रेघेवर उभा राहून बघत होतो. अंगावर शेटनी शिवून घेतलेली वरच्या गटाची नवी जर्सी होती. अण्णांचं लक्ष गेलं.

"काय बगतुयास?" ते ओरडले. "आमी धाच हाय!"

"अण्णा, माझं नाव वरच्या टीमात हाय की."

"नाव ऱ्हाऊ दे तितं," अण्णा म्हणाले. "पाय हिकडं आन."

मी जर्सी उलटी करून घातली आणि आत गेलो.